टोन आला म्हणून पैसे दिले

सांगलीत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. लँडलाइन चार. सगळे कॉल संगणकावर चालणाऱ्या एक्स्चेंजमधून काउंटरवर यावेत म्हणून लँडलाइन संगणकाला जोडणारं, चार पोर्टचं (म्हणजे वायर लावायच्या चार खाचांचं) अ‍ॅनालॉग कार्ड घेतलं आणि साडेअठरा हजार रुपये मोजले. लाइन चार, पोर्ट चार, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. विक्रेत्याने तेच हेरलं.

पहिल्या दोन लाइनवर त्याने मोबाइलवरून फोन लावला, काउंटरवर घंटी वाजली. तिसऱ्या आणि चौथ्या पोर्टला मात्र त्याने साधा टेलिफोन जोडला आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. "ऐका, टोन आला ना?" आला होता. मी पैसे दिले.

तो टोन बाहेरच्या लाइनचा नव्हताच, कार्डच तो देत होतं. या कार्डावर प्रत्येक पोर्टसाठी एक छोटा सुटा भाग, म्हणजे मॉड्यूल बसतं, आणि त्याच्या दोन जाती असतात: एफएक्सओ आणि एफएक्सएस. एफएक्सओ टेलिफोनसारखं वागतं. बाहेरून रिंग आली की ओळखतं, लाइनचं सर्किट जोडून कॉल घेतं; बाहेर फोन करायचा असला तरी आधी सर्किट जोडून एक्स्चेंजचा टोन मिळवतं, मग नंबर लावतं. एफएक्सएस नेमकं उलटं, ते स्वतःच एक्स्चेंज होतं. टोन त्याचा, रिंगही त्याची. त्याला टेलिफोन जोडायचा असतो, बाहेरची लाइन कधीच नाही. माझं कार्ड टीडीएम४००पी मॉडेलचं; त्यात एफएक्सओ लाल आणि एफएक्सएस हिरवं असतं. माझ्या कार्डावर दोन लाल होती, दोन हिरवी. पैसे चार लाल मॉड्यूलचे घेतले होते.

तीन आठवडे पेशंटचे नातेवाईक सांगत होते, "तुमचा फोन कुणी उचलत नाही." एका आजोबांचा मुलगा रिपोर्टसाठी दोन दिवस फोन करत राहिला आणि शेवटी तासगावहून स्वतः आला. त्याच्यासमोर मला काही बोलता आलं नाही. विक्रेता म्हणायचा, लाइनमध्येच दोष आहे.

लाइनमन आले. त्यांनी लाइन कार्डातून काढून आपला टेस्ट फोन लावला. कॉल येत होता, जातही होता. मग मोकळ्या पोर्टवर मीटर धरला. ४८ व्होल्टच्या आसपास! "साहेब, बाहेरून काही जोडलेलं नाही, तरी हा दाब कुठून येतोय? तुमचं कार्डच देतंय."

कार्ड घेताना ही तपासणी दुकानातच करून घ्या. कार्ड चालू ठेवून मोकळ्या पोर्टवर मीटर लावा. एफएक्सओवर दाब दिसणार नाही. या जातीच्या कार्डाला हार्डडिस्कची चार पिनांची पॉवर वायर जोडायला लावली, तर कारण विचारा; ती एफएक्सएसलाच लागते. आणि बिलावर 'चार पोर्ट' एवढंच लिहू देऊ नका, 'चार एफएक्सओ' असं लिहून घ्या. माझ्या बिलावर तो शब्द नव्हता. विक्रेत्याने त्यावरच बोट ठेवलं आणि पैसे परत द्यायला नकार दिला.

सध्या तिसरी आणि चौथी लाइन काउंटरवरच्या दोन साध्या टेलिफोनवर घेतली आहे. फोन उचलला जातो.