बंदरावरच्या बातमीसाठी मोबाईल की कॅमेरा?

गावाकडच्या बातम्यांचं पोर्टल किंवा यूट्यूब चॅनेल सुरू करताना पैसे मोजकेच असतात. मग प्रश्न पडतो, आहे त्या मोबाईलवर भागवायचं की कॅमेरा घ्यायचा? दापोली-रत्नागिरी पट्ट्यात मी दोन्हींवर बातम्या केल्या आहेत, म्हणून माझं मत आधीच सांगतो. एकट्याने फिरून त्याच दिवशी बातमी टाकायची असेल तर मोबाईलच ठेवा आणि पहिला खर्च माईकवर करा. कॅमेरा खरा लागतो तो विषय लांब असला किंवा उजेड कमी असला तर.

आवाजाचं आधी बोलतो, कारण किनाऱ्यावर बातमी हातची जाते ती तिथेच. हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावात उभे राहून बघा. बोली पुकारली जातेय, टोपल्या आपटतायत, वरून दर्याचा वारा. मोबाईलचा माईक सगळंच सारखं उचलतो आणि समोरची मासळीवाली काय म्हणाली ते घरी आल्यावर कळत नाही. कॅमेऱ्याच्या अंगचा माईकही यापेक्षा फार बरा नसतो. दोन्हींना इलाज एकच: बोलणाऱ्याच्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर कॉलर माईक आणि त्यावर केसाळ टोपी. स्पंजची टोपी खोलीतल्या पंख्याला पुरते, समुद्रावरच्या वाऱ्याला नाही. डिझेलच्या दरावर एका तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, अख्खी मुलाखत मी अशीच घालवली. चित्र स्वच्छ, आवाजात नुसती फडफड. पहाटे त्याची बोट गेली, पुन्हा भेट झाली ती आठवड्याने. तेव्हापासून माणूस समोर असतानाच हेडफोन लावून ऐकून घेतो. कॅमेरा इथे थोडा पुढे आहे. बऱ्याच मॉडेलांना हेडफोनची जागा असते, आवाजाची पातळी हाताने ठरवता येते. मोबाईलवर त्यासाठी ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं ॲप घ्यावं लागतं. ते फुकट आहे, पण शिकायला दोन-तीन दिवस द्या.

लांबच्या विषयाला मात्र मोबाईल कमी पडतो. धक्क्यावरून खाडीच्या तोंडाशी अडकलेली बोट टिपायची तर मोबाईल त्याच्या लेन्सची हद्द संपल्यावर चित्र नुसतं कापून मोठं करतो, आणि बोटीवरची माणसं ठिपके होतात. कॅमकॉर्डरची लेन्स तेच दृश्य खरोखर जवळ आणते. फक्त सोबत ट्रायपॉड हवा, नाहीतर झूम केल्यावर हाताचा प्रत्येक थरथराट दिसतो. सभांना कॅमेरा घेणार असाल तर आणखी एक बघा: जुने बरेच डीएसएलआर 29 मिनिटं 59 सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. नेमकं मुद्द्याचं भाषण त्यानंतर होतं.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, समुद्रही उजळतो आणि माणसाचा चेहराही. संध्याकाळी समुद्राकडे वळलात की माणूस काळा पडतो. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट दाबून उजेड लॉक करा, नाहीतर मागून बोट गेली की चित्र उजळतं-मिटतं. रात्री जेटीवरचे दिवे लुकलुकताना दिसतात. आपली वीज 50 हर्ट्झची आणि बहुतेक मोबाईल सेकंदाला 30 फ्रेमवर (म्हणजे 30 चित्रांवर) लावलेले, त्यामुळे तसं होतं. 25 फ्रेम आणि शटर सेकंदाच्या 1/50 वर ठेवलं की बहुतेक वेळा हे जातं. पण अंधारात कॅमेऱ्याचा मोठा सेन्सर जे दाखवतो, ते मोबाईलला जमत नाही.

पावसाळ्यात पारडं उलटं फिरतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा बाहेर पोचलेली कितीतरी दृश्यं लोकांनी माडीवरून मोबाईलवर काढलेली होती. तशा वेळी खिशात आहे तेच कामी येतं. तरी आयपी 68, म्हणजे पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा, लिहिलंय म्हणून मोबाईल लाटांत नेऊ नका. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. खारं पाणी लागलं तर आधी गोड्या पाण्याने पुसा, पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. कॅमेऱ्याचं त्याहून नाजूक. एसी गाडीतून बाहेर काढला की काचेवर दव धरतं, आणि कपाटात नुसता पडून राहिला तर लेन्सला बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल टाकून ठेवावा लागतो.

फोरकेच्या, म्हणजे 1080पीहून बारीक तपशिलाच्या व्हिडिओच्या, मागे लागू नका. आयफोनवर 1080पीचं एक मिनिट साधारण 60 एमबी होतं, फोरकेचं 170. खाडीकाठच्या नेटवर्कवर हा फरक बातमी वेळेत पोचण्या-न पोचण्याचा आहे.

तरीही कॅमेऱ्याकडे मन ओढत असेल तर विकत घेण्याआधी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एखाद्याकडून दोन दिवस भाड्याने घ्या. एप्रिल-मे त्यांच्या धावपळीचा, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोटी पुन्हा पाण्यात उतरतात. तेव्हा पहाटे धक्क्यावर जा, तीच बोट, तोच खलाशी दोन्हींवर टिपा आणि घरी येऊन आधी डोळे मिटून दोन्ही ऐका.