बोटॉक्सच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

ठाण्यातील एका ॲस्थेटिक सेंटरमध्ये बोटॉक्सच्या, म्हणजे स्नायू सैल करून सुरकुत्या कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या, नावाखाली माझी जी फसवणूक झाली, तिची हकीकत सविस्तर लिहीत आहे, कारण तिथे भेटलेल्या बहुतेक स्त्रिया घरात लग्नकार्य ठरल्यामुळे आल्या होत्या आणि सिरिंजमध्ये नेमके काय भरले आहे, हे त्यांच्यापैकी कोणालाही दाखवले जात नव्हते.

भुवयांमधल्या उभ्या आठ्या, कपाळ आणि डोळ्यांचे कोपरे या तीन भागांचे मिळून बारा हजार रुपये मला सांगण्यात आले. हा दर युनिटवर नव्हता, ‘एरिया’वर होता, आणि फसवणुकीला पहिली वाट इथेच मिळते. बोटॉक्स युनिटमध्ये मोजतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी 20 युनिट ही मान्य मात्रा आहे. कुपीच्या तळाशी औषधाचा जेमतेम दिसेल असा पांढरा थर असतो आणि डॉक्टर सलाइन घालून तो विरघळवतात. 100 युनिटच्या कुपीत अडीच मिली सलाइन घातले, तर 0.1 मिलीत 4 युनिट येतात. सलाइन दुप्पट-तिप्पट घातले, तरी द्रव तितकाच स्वच्छ आणि रंगहीन दिसतो. मला टोचलेल्या सिरिंजा आतल्या खोलीतून आधीच भरून आणल्या होत्या आणि त्यांवर कसलेही लेबल नव्हते. विरघळवलेले औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये ठेवायचे असते. या सिरिंजांचा स्टीलचा ट्रे मात्र माझ्या आधीच्या बाईंचे काम चालू होते तेव्हापासून काउंटरवरच पडून होता.

इंजेक्शन देणाऱ्या मॅडम पांढऱ्या कोटात होत्या आणि सगळा स्टाफ त्यांना डॉक्टर म्हणत होता. त्यांच्या मागे भिंतीवर कॉस्मेटॉलॉजीच्या अल्पमुदतीच्या कोर्सचे प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेले होते. बाहेरच्या पाटीवर ज्या त्वचारोगतज्ज्ञांचे नाव होते, ते मला तिथे एकदाही दिसले नाहीत.

या औषधाचा परिणाम तीन-चार दिवसांत जाणवू लागतो आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो. माझ्या आठ्या जशाच्या तशाच राहिल्या. विचारायला गेल्यावर ‘तुमची स्किन रेझिस्टंट आहे, टच-अप लागेल’ असे सांगून आणखी चार हजार घेतले गेले. बोटॉक्स मुळात त्वचेवर नव्हे, तर तिच्याखालच्या स्नायूवर काम करते. मज्जातंतूच्या टोकाकडून येणारा ॲसिटिलकोलिन या रसायनाचा निरोप ते अडवते, त्यामुळे स्नायू आकसत नाही आणि आठी पडत नाही. काही जणांचे शरीर औषधाला दाद देत नाही हे खरे, पण ते बहुधा वारंवार इंजेक्शने घेऊन प्रतिपिंडे तयार झाल्यावर घडते. पहिल्याच खेपेला कोणी हे कारण पुढे करत असेल, तर ती सबब समजावी.

टच-अपनंतर काही दिवसांतच माझी उजवी पापणी बुबुळाच्या अर्ध्यापर्यंत उतरली. वाचताना भुवई बोटाने वर धरावी लागत असे. मी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी सांगितले की औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरले आहे, त्यावर उतारा नाही आणि परिणाम ओसरेपर्यंत थांबावे लागेल. असा प्रकार क्वचित निष्णात डॉक्टरच्या हातूनही होतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. परंतु टच-अपच्या वेळी मी हट्टाने मागून घेतलेल्या खोक्याचा फोटो पाहताच त्या थबकल्या. त्यावर बोटॉक्सचे नाव आणि खाली ‘150 युनिट’ असे छापलेले होते. अस्सल बोटॉक्सची 150 युनिटची कुपी निघतच नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बनावट बोटॉक्सबद्दल जो इशारा दिला होता, त्यातही 150 युनिटचा खोका ही एक खूण सांगितली होती, आणि तिथे अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते.

पावतीवर बोटॉक्सचा उल्लेखही नव्हता; ‘फेशियल पॅकेज’ असे लिहिलेले होते. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात मी तक्रार दिली, तेव्हा हाताशी पुरावा म्हणून तो एक फोटोच होता. ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी औषधाचे नाव, बॅच क्रमांक, युनिट आणि टोचणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेले बिल किती मोलाचे असते, हे वकिलांनी मला समजावले. असे बिल आधीच मागावे. सीलबंद कुपी आपल्या समोर उघडायला लावावी आणि तिच्या लेबलाचा फोटो घ्यावा. खरे डॉक्टर याला कधीच नाही म्हणत नाहीत. महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, 1961 नुसार नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे हा गुन्हा आहे.

ज्यांनी अशा ठिकाणी इंजेक्शन नुकतेच घेतले आहे, त्यांनी एवढे पाहावे: एकाची दोन चित्रे दिसणे, आवाज बसणे किंवा बोबडे बोलणे, घास गिळताना अडखळणे, श्वास कमी पडणे, यांपैकी काहीही जाणवले तर सेंटरला फोन करत बसू नये, थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे आणि इंजेक्शन घेतल्याचे स्पष्ट सांगावे. बोटॉक्स हे मुळात जिवाणूपासून मिळणारे विषच आहे; ते शरीरभर पसरल्यास त्यावर प्रतिविष देतात, पण ते पुढची हानी रोखते. आधीच लुळे पडलेले स्नायू त्याने लगेच सुधारत नाहीत, म्हणून तिथे प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.