दहा बंदुकांचं कपाट, मावतात सहाच

जुन्या लष्करी रायफली जमवतो. हे पोलादी कपाट घेतलं ते हात आखडता राहावा म्हणून. जाहिरातीत क्षमता दहा; पण १८९१ च्या मोसिन-नागांत या रशियन रायफलीच्या बोल्टचा (काडतूस नळीत सरकवणाऱ्या खिटीचा) दांडा सरळ आडवा बाहेर येतो आणि शेजारच्या लाकडी दस्त्यावर चरा पाडतो. नीट ठेवल्या तर सहाच मावतात. मला तेच हवं होतं! गेल्या महिन्यात लिलावात एक माउझर ९८ रायफल दिसली, जीव अडकला. कपाट उघडलं, सातवीला जागा नाही. आतल्या सहांतली ली-एनफिल्ड विकू? तिच्या दस्त्यावरून हात फिरवला आणि बोली लावलीच नाही. कुलूप भक्कम आहे. आतलं कापडी अस्तर मात्र ओल धरतं. ओल शोषणारं सिलिका जेल वेळच्या वेळी वाळवलं नाही, तर नळीवर गंज चढतो.