घरची इलेक्ट्रिक भट्टी: दिवाळी ते पावसाळा

मातीची भांडी भाजायची ही भट्टी गेल्या दिवाळीच्या आधी घेतली, आता पावसाळा सरत आलाय. एवढ्या वापरानंतर मत द्यायला हरकत नाही.

वरून उघडणारी, साधारण पाच किलोवॅटची, सिंगल फेजवरची छोटी भट्टी आहे. पुण्यात धायरीला आमच्या गच्चीवरच्या खोलीत ठेवली आहे. विकणारा म्हणाला होता, ‘मॅडम, प्लग लावा आणि सुरू करा.’ कसलं काय! पाच किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ २२ अँपिअर, तेही तासन् तास. गीझरच्या पॉइंटला हे झेपत नाही. मीटरपासून वेगळी वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी, नीट अर्थिंग आणि महावितरणकडून वाढवून घेतलेला मंजूर भार, हे सगळं भट्टी दारात यायच्या आधी उरकायला हवं.

बिस्क, म्हणजे कच्च्या भांड्यांची पहिली भाजणी, तिच्याबद्दल तक्रार नाही. ९९९ अंशांपर्यंत निवांत चढते. फक्त पावसाळ्यात भांडी वरून कोरडी दिसतात आणि आत ओल असते. शंभरच्या आसपास त्या ओलीची वाफ होते आणि कप फुटतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये झाकण फटीएवढं उघडं ठेवून ऐंशी-नव्वद अंशांवर रात्रभर ठेवते. बिस्कमध्ये मातीतला कचरा जळतो, त्याचा धूर घशाला लागतो. एक्झॉस्ट फॅन नसेल तर भट्टी घरात घेऊच नका.

खरा प्रश्न ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाच्या, फायरिंगचा. स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेची टणक भांडी, यांसाठी मी कोन ६ पर्यंत जाते. कोन म्हणजे ठरावीक आचेला वाकणारी छोटी सुळकी; आकडा तिच्या आचेचा. कंट्रोलरवर १२२२ झळकलं म्हणजे झालं, असं माहितीपत्रक सांगतं. पण तो आकडा थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारेच्या) टोकाशी असलेल्या तापमानाचा. भांड्यांना किती आच लागली ते त्यात कळत नाही. शेवटचे शंभर अंश तासाला साठच्या वेगाने चढवले तर कोन ६ १२२२ ला वाकतो. वेग बदलला की तो आकडाही बदलतो. मी वरच्या आणि खालच्या शेल्फवर एकेक कोन ठेवते. गडद चष्मा लावून भोकातून पाहिलं की सगळं नारिंगी दिसतं आणि त्यात वरचा कोन मान टाकलेल्या मोगऱ्यासारखा झुकलेला. खालचा मात्र ताठ! म्हणजे वरचे मग चकचकीत, खालचे खरखरीत. आता खाली विरळ मांडते आणि १२१० वर वीस मिनिटं रोखून धरते. फरक बराच कमी झालाय, गेला मात्र नाही. शिवाय के-टाइप थर्मोकपल इतक्या उष्णतेत हळूहळू चुकायला लागतं. त्यामुळे स्क्रीन कितीही देखणा असो, कोन ठेवल्याशिवाय फायरिंग नको.

ग्लेझच्या बादलीत १०० मिलीचं वजन साधारण १४५ ग्रॅम भरलं की बुडवायला बरं पडतं. भांड्याची बुडं ओल्या स्पंजने पुसायचीच, नाहीतर ती शेल्फला चिकटतात. शेल्फला अॅल्युमिना-केओलिन या सहज न वितळणाऱ्या पावडरींचा लेप हवा. ग्लेझला बारीक तडे गेले की लोक भट्टीला नावं ठेवतात. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं: ग्लेझ थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसतं. त्यात थोडी सिलिका (क्वार्ट्झची पूड) वाढवून पाहा, पण पावडर मिसळताना मास्क हवाच. आणि मुंढव्याच्या केशवनगरातली लाल माती सुंदर असली तरी ती कमी आचेची आहे. १२२२ ला वितळून शेल्फवर पसरेल. तिची चाचणी वाटीत ठेवूनच घ्या.

वीज? मीटर पाहिलं तर एका ग्लेझ फायरिंगला पंचवीस ते तीस युनिट जातात. महिन्याला चारदा लावलीत तर एरवी बेताचं वापरणारं घरही तीनशे युनिटच्या पुढच्या स्लॅबमध्ये जातं, तेव्हा भांड्यांची किंमत ठरवताना हे धरा. गुरुवारी लावूच नका. देखभालीसाठी वीज जाण्याचा पुण्यात तो हक्काचा वार. बिस्कमध्ये मधेच गेली तर पुन्हा चालू करता येते. ग्लेझ पिकत असताना गेली तर सगळी खेप पणाला लागते.

पोटरी नवी असेल तर अजून घेऊ नका. एखाद्या स्टुडिओत शेल्फच्या भाड्याने फायरिंग करून घ्या. दर महिन्याला भट्टी भरण्याइतकं काम होत असेल तरच हा खर्च शोभतो. माझं होतं, म्हणून मी ती परत देणार नाही. पण विकत घेण्याआधी आतल्या तापणाऱ्या कॉइलची किंमत लेखी मागा. कॉइल झिजतात, त्यांचा रोध वाढतो आणि पूर्वी आठ तासांत होणारं फायरिंग आता साडेनऊला पोचलंय. वॉरंटीत त्या येत नाहीत. बदलायला माणूस पाठवतो म्हणालेत, पण मजुरी वेगळी, हे फोन ठेवता ठेवता सांगितलं.