विमा कंपनीची जुनी पाटी ‘नोंदणी’साठी कुणाच्या हाती देऊ नका

ज्यांच्या घरात जुन्या विमा कंपन्यांच्या पाट्या, कॅलेंडरं, पेपरवेट, पितळी पट्ट्या पडून आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं. आमच्या बाबतीत जे कोल्हापुरात झालं ते आणखी कुणाच्या घरी होऊ नये.

आमचे आजोबा साताऱ्याच्या वेस्टर्न इंडिया लाइफचे एजंट. कंपनी १९१३ सालची. कागल, मुरगूड, गडहिंग्लज असा त्यांचा फेरा असायचा आणि मंगळवार पेठेतल्या घराच्या दारावर कंपनीची निळी एनॅमलची पाटी, पांढऱ्या मराठी अक्षरांची. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी स्थापन झाली आणि २४५ विमा कंपन्या व सोसायट्या तिच्यात गेल्या. त्यातल्या बहुतेकांची नावं आता अशा वस्तूंवरच भेटतात, म्हणून त्यांना मागणी आहे. जवळच्या गावची कंपनी, मराठी मजकूर आणि शाबूत अक्षरं असली की भाव चढतो. कडेचा टवका चालतो, नावावरचा चालत नाही.

जुन्या वस्तूंचा व्यापार करणारा एक जण घरी आला. पाटी हातात घेऊन म्हणाला, ‘‘काका, ह्ये अँटिक हाय. सरकारात नोंद लागती. सर्टिफिकेट नसंल तर उद्या विकताना अडचण येती बघा.’’ मुंबईहून नोंदणी करून आणतो म्हणून त्यानं पाटी नेली आणि साडेचार हजार ‘फी’ फोनवरून घेतली. काही आठवड्यांनी शिक्क्यांचा कागद आणि पाटी परत आली.

पाटी आमची नव्हती.

आधी जाणवलं वजन. खरी पाटी जाड लोखंडी पत्र्यावर काच वितळवून केलेली असते, तिच्या पाठीलाही गडद थर असतो. परत आलेल्या पाटीची पाठ नुसता रंगवलेला पत्रा. खिळ्याच्या टोकानं ओढलं तर निळा रंग निघून आला. खरं एनॅमल खिळ्याला सहजी दाद देत नाही. गंजही खोटा होता. खऱ्या पाटीत तो टवक्यात आणि स्क्रूच्या भोकांभोवती धरतो, इथं सगळीकडे सारखा शिंपडल्यासारखा. लोहचुंबक लावून बघू नका, ते दोन्हींना चिकटतं.

तो कागदही पोकळच. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात अँटिक ठरायला वस्तू किमान शंभर वर्षांची लागते. आजोबांचं एजन्सीचं पत्र १९३८ चं आहे, पाटी त्याच्याबरोबरच आलेली. तिला कसली नोंदणी? याच माणसाकडे दोन हातांत दिवा असलेला ॲशट्रे ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून ठेवला होता. ते चिन्ह एलआयसीचं, म्हणजे वस्तू १९५६ नंतरचीच. ‘जुन्या’ वस्तूवर पिनकोड छापलेला दिसला तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, हेही ध्यानात ठेवा.

मला सगळ्यात राग येतो तो किंमत ठरवणारा आणि विकत घेणारा एकच असण्याचा. किंमत विचारायची तर वस्तू घरातच ठेवून विचारा, आणि दोघा-तिघांना विचारा. पुढून, मागून, कडेनं, शेजारी टेप धरून फोटो काढा. पोलिसांनी पहिल्यांदा तेच मागितलं. आमच्याकडे लग्नातला एक फोटो होता, त्यात दारावरची पाटी स्पष्ट दिसते, म्हणून तक्रार घेतली गेली. पैसे फोनवरून गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते.

पाटी अजून मिळालेली नाही. उजव्या खालच्या कोपऱ्याला रुपयाएवढा टवका आहे आणि वरच्या डाव्या भोकापासून एक बारीक तडा गेलाय. कुठल्या दुकानात, प्रदर्शनात किंवा मोबाईलवरच्या विक्रीत दिसली तर घेऊ नका, फोटो काढा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात द्या.