फुटबॉल मॅचचा अंदाज लावायचाय, पण ऐकायचं कुणाचं: फॉर्म, हेड टू हेड, एक्सजी की ऑड्स?

मोठी मॅच जवळ आली की तेच चार गट भांडायला लागतात. एक म्हणतो आमची टीम सलग पाच जिंकलीये, दुसरा हेड टू हेड, म्हणजे दोघांच्या आपसातल्या जुन्या मॅचचा रेकॉर्ड काढून म्हणतो त्या ग्राउंडवर तुम्ही कधी जिंकलायत ते सांगा आधी, तिसरा एक्सजीचे (एक्सपेक्टेड गोल्स, म्हणजे मिळालेल्या संधींवरून किती गोल व्हायला हवे होते) आकडे तोंडावर फेकतो आणि चौथा नुसते ऑड्स, म्हणजे बेटिंगचे भाव दाखवून गप्प बसतो. मित्रांच्या प्रेडिक्शन स्पर्धेत तुम्हाला स्कोअर लिहून द्यायचाय आणि यातलं कुणाचं धरावं कळत नाहीये, तर मी काय बघतो आणि काय सोडून देतो ते सांगतो.

आधी एक मॅच आठवा. ५ मार्च २०२३ ला लिव्हरपूलने मँचेस्टर युनायटेडला ७-० धुतलं. त्याच युनायटेडने आठवडाभर आधी लीग कप जिंकला होता, म्हणजे फॉर्मवाल्यांचा पहिला पोपट तिथेच झाला. मग ११ मार्चला लिव्हरपूल गेली बोर्नमथकडे. बोर्नमथ रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जायच्या गाळात रुतलेली, आणि त्याच सीझनमध्ये ऑगस्टमध्ये लिव्हरपूलने त्यांना ९-० मारलेलं. आता सांगा, फॉर्म बघा, हेड टू हेड बघा, काहीही बघा, कोण म्हणेल बोर्नमथ? जिंकली बोर्नमथ, १-०, आणि लिव्हरपूलच्या सालाहने पेनल्टी बाहेर मारली.

हेड टू हेड माझ्या मते सगळ्यात कुचकामी. गेल्या दहा भेटींचा रेकॉर्ड काढायचा म्हटलं तर चार-पाच वर्षं मागे जावं लागतं, तेवढ्यात कोच बदललेला असतो, निम्मी टीम बदललेली असते, मग तो रेकॉर्ड नक्की कुणाचा, जर्सीचा? ९-० नंतर १-० हे तर एकाच सीझनमधलं आहे. वाद घालायला मजा येते हे मान्य, पण अंदाजात याला जागा देऊ नका. फार तर तोच कोच त्याच टीमसमोर परत येतोय आणि त्याची खेळायची पद्धत समोरच्याला दर वेळी अडचणीत आणते, असं काही दिसत असेल तर थोडं धरा.

फॉर्म त्यापेक्षा बरा, पण त्या पाच मॅच कुणाशी होत्या हे बघितल्याशिवाय नाही. तळातल्या तीन टीमना हरवून आलेला फॉर्म आणि टॉपच्या दोघांना हरवून आलेला फॉर्म टेबलमध्ये सारखाच दिसतो, सगळे विजयाचे हिरवे ठिपके. शिवाय त्यात दोन विजय शेवटच्या मिनिटाला कुणाच्या तरी पायाला लागून आत गेलेल्या बॉलचे असतील तर ते कावळा बसायला आणि फांदी मोडायला यातलंच.

एक्सजीचा उपयोग नेमका इथे होतो. प्रत्येक शॉट त्या जागेवरून, त्या परिस्थितीत साधारण किती वेळा गोल होतो यावरून त्याला ० ते १ मधला आकडा देतात, पेनल्टी म्हणजे पाऊण गोलच्या किंचित वर. नशिबाचा भाग बऱ्यापैकी गाळला जातो. पण लोक एका मॅचचा एक्सजी घेऊन नाचतात ते चुकीचं, कारण जी टीम दहाव्या मिनिटाला गोल करून मागे सरते तिच्यावर समोरचे उरलेला वेळ शॉट मारतच राहतात आणि हरणाऱ्याचा आकडा फुगतो, रेड कार्ड पडलं तर विचारूच नका. आठ-दहा मॅचची सरासरी घ्या, आपण किती तयार केलं आणि समोरच्याला किती दिलं दोन्ही, मग फॉर्मच्या टेबलशी ताडून बघा. टीम जिंकतेय पण एक्सजी दर वेळी मागे आहे, तर मी त्या टीमवर जपून जातो.

आता ऑड्स. पैसे लावा असं मी सांगत नाहीये, अजिबात लावू नका, फक्त आकडा वाचायला शिका. समजा एका टीमच्या विजयाला १.८० (म्हणजे ती जिंकली तर एका रुपयाचे १.८० परत), ड्रॉला ३.६० आणि दुसऱ्या टीमला ४.८० आहे. १०० ला प्रत्येकाने भागा, ५५.६, २७.८, २०.८ येतं, बेरीज १०४ च्या वर. वरचे चार म्हणजे बुकीचं कमिशन, ते काढून टाकलं की साधारण ५३, २७, २०. या आकड्यात फॉर्म, दुखापती, होम ग्राउंड सगळं आधीच मुरलेलं असतं, म्हणून स्ट्रायकर बाहेर असल्याची बातमी सकाळीच आली असेल तर ऑड्स बघून परत वेगळं वजा करू नका, एकाच गोष्टीचे मार्क दोनदा कापले जातात. आणि ते ऑप्टा या फुटबॉलचे आकडे गोळा करणाऱ्या कंपनीचं सुपरकॉम्प्युटर काय म्हणतंय वगैरे बातम्या येतात ना, ते मॉडेलही बाजारातले ऑड्स आत घेऊनच चालतं, त्यामुळे दोघांचं जुळलं तर दोन वेगळे साक्षीदार मिळाले असं समजू नका.

आणि हो, ऑड्सही चुकतात असं लोक म्हणतात. २० टक्के म्हणजे पाचातून एकदा होणारच की ते. मग आश्चर्य कसलं?

म्हणून माझा क्रम असा: सुरुवात ऑड्सपासून, मग एक्सजी बघून मन थोडं इकडेतिकडे, आणि सगळ्यात शेवटी लाइनअप. ती मॅचच्या तासभर आधी येते, तोपर्यंत स्कोअर लॉक करू नका. होम ग्राउंडचा फायदा खरा आहे, २०२० मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये जर्मनीची लीग बुंडेसलिगा परत चालू झाली तेव्हा होम टीमचे विजय घटलेले दिसले, पण तोही ऑड्समध्ये असतोच.

स्कोअर लिहिताना मात्र हिरोगिरी नको. ४-१ लिहायला छान वाटतं, पण १-१, १-० आणि २-१ हेच सगळ्यात जास्त लागतात, आणि त्यातलाही एखादा नेमका लागायची शक्यता साधारण दहातून एकदाची. ड्रॉ कुणी लिहीत नाही, जरी मोठ्या लीगमध्ये जवळपास चारातली एक मॅच ड्रॉ होत असली तरी. तुम्ही स्पर्धेत पुढे असाल तर बहुतेकांनी लिहिलंय तेच लिहा, कुणी तुम्हाला गाठणार नाही. मागे असाल तर जिथे दोन टीम जवळजवळ बरोबरीच्या आहेत तिथे १-१ टाका, लागला तर एकट्याला पॉइंट्स.

आपल्या स्वतःच्या टीमची मॅच असेल तर यातलं काहीच चालत नाही. मी आधी आकडा लिहितो, मग रात्री तो खोडून २-० करतो आमच्या बाजूने. दर वेळी.