नाट्यास्वादाच्या अहवालासाठी कोणता प्रयोग बघावा? व्यावसायिक, प्रायोगिक, स्पर्धेतला की पडद्यावरचा

पहिल्या वर्षाला नाट्यास्वाद हा विषय घेतला की दोन श्रेयांकांच्या तीस तासांत वर्गात बरेच काही उरकले जाते: संहिता, नेपथ्य, प्रकाशयोजना, आंगिक-वाचिक-आहार्य-सात्त्विक (म्हणजे शरीर, वाणी, वेशभूषा-रंगभूषा आणि चेहऱ्यावर उमटणारे आतले भाव) असा चतुर्विध अभिनय. मग एक प्रयोग बघून अहवाल लिहायला सांगतात, आणि बहुतेक जण त्या आठवड्यात जवळच्या नाट्यगृहात जे लागले असेल ते बघून येतात. खरे तर अर्धा अहवाल तिकीट काढतानाच ठरलेला असतो. दिवाणखान्यातले कौटुंबिक नाटक बघून प्रकाशयोजनेवर दोन पाने लिहिता येत नाहीत, आणि उघड्याबोडक्या रंगमंचावरची एकांकिका बघून नेपथ्यावर लिहायला बसलात तर पेन तोंडात धरून बसावे लागते.

व्यावसायिक नाटक

दादरचे शिवाजी मंदिर, ठाण्याचे गडकरी रंगायतन, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर इथे शनिवार-रविवारी जे लागते ते. दोन अंक, एक मध्यंतर, सगळे मिळून सव्वादोन ते अडीच तास. पहिला फायदा श्रेयाचा. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, संगीतकार अशी सगळ्यांची नावे जाहिरातीत असतात आणि पडदा उघडण्याआधी पुकारलीही जातात, त्यामुळे कोणते काम कोणाचे हे अंदाजाने लिहावे लागत नाही. दुसरा फायदा जास्त मोलाचा: तेच नाटक पुढच्या आठवड्यात पुन्हा लागते. दुसऱ्यांदा बघितल्यावर कळते की कोणती जागा बसवलेली आहे आणि कोणती त्या दिवशी घेतलेली होती. विद्यार्थी हमखास फसतात ते इथेच. लोकप्रिय नट पदरची वाक्ये टाकतो, हशा वसूल करतो, आणि अहवालात त्याबद्दल लेखकाच्या विनोदबुद्धीचे कौतुक होते.

अडचण अशी की वास्तववादी सेट आपली कारागिरी लपवतो. 'नेपथ्य प्रसंगानुरूप होते' यापलीकडे काही सुचत नाही. त्यावर उपाय सोफ्यापासून सुरुवात करायची. सोफा प्रेक्षकांकडे किती तिरका आहे? घरात येण्याच्या वाटा किती आणि कोणते पात्र कोणती वाट वापरते? महत्त्वाची बातमी सांगणारा कुठे उभा राहतो? तो सोफ्यामागे उभा राहिला तर प्रेक्षकांना सामोरा राहतो, आणि सोफ्यावर बसलेल्यांना मान वळवून त्याच्याकडे बघावे लागते. प्रसंग कोणाचा, हे दिग्दर्शकाने एकही शब्द न बोलता सांगून टाकलेले असते. अशा दोन जागा नेमक्या नोंदल्या की एक पान भरते, आणि ते पान तुमच्या शेजारच्याच्या अहवालात नसते.

आसन जपून घ्या. बालगंधर्वसारख्या हजाराच्या आसपास आसने असलेल्या सभागृहात पाठीमागून सात्त्विक अभिनय दिसत नाही. पहिल्या रांगेतून चेहरे दिसतात, पण आख्खा रंगमंच एका नजरेत मावत नाही. पाचवी ते दहावी रांग, मधला पट्टा, हे बरे. बाल्कनी स्वस्त पडते आणि हालचालींचा नकाशा तिथूनच सर्वांत चांगला उमटतो, त्यामुळे दुसऱ्या खेपेला मुद्दाम बाल्कनीत बसावे. दौऱ्यावरचा प्रयोग बघत असाल तर एक लक्षात घ्या: सेट टेम्पोत मावावा आणि छोट्या रंगमंचावर बसावा म्हणून त्याला कात्री लागलेली असू शकते. तालुक्याच्या सभागृहात दिसलेल्या रिकाम्या कोपऱ्यावरून नेपथ्यकाराला बोल लावू नये.

प्रायोगिक

दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकाची जी वाट रुळली, तिचे आजचे पत्ते म्हणजे पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, मुंबईत एनसीपीएचे (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) एक्सपेरिमेंटल थिएटर, जुहूचे पृथ्वी थिएटर. इथे निवड उघडी दिसते. एकच लाकडी ठोकळा आधी पलंग, मग बस, मग चिता होतो, आणि तो कशाने बदलला (प्रकाशाने, नटाच्या शरीराने की नुसत्या शब्दाने) हे शोधणे सोपे जाते. नवशिक्याला 'रंगमंचीय संकेत' (ठोकळ्याला पलंग मानायचे अशी नट-प्रेक्षकांतली समजूत) ही गोष्ट पुस्तकापेक्षा इथे लवकर समजते.

पृथ्वीला प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. तुम्ही बाजूच्या आसनावर असाल तर नटाची पाठ बराच वेळ तुमच्याकडे असेल आणि तुमचा अनुभव समोरच्यापेक्षा वेगळा असेल. म्हणून कुठे बसलो होतो हे अहवालात लिहायचे. उशिरा आलेल्यांना तिथे आत घेत नाहीत, तेव्हा लोकलच्या वेळापत्रकावर फार विसंबू नका.

तोटा म्हणजे प्रयोग मोजके, पुन्हा बघायला मिळेलच असे नाही. शिवाय सरळ गोष्ट नसली की विद्यार्थी घाबरतो आणि 'नाटक समजले नाही' असे एका ओळीत लिहून मोकळा होतो. न समजण्याला काहीच हरकत नाही, पण कोणत्या प्रसंगापासून धागा सुटला आणि तिथे रंगमंचावर नेमके काय चालले होते ते लिहा. तपासणाऱ्याला हेच हवे असते.

स्पर्धेची प्राथमिक फेरी

ज्याने आयुष्यात दोन-तीनच नाटके बघितली आहेत, त्याने सर्वांत आधी इथे जावे असे आमचे स्पष्ट मत आहे, जरी अहवाल दुसऱ्याच प्रयोगावर लिहायचा असला तरी. पुण्यात १९६३ पासून चालणारी पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घ्या. भरत नाट्य मंदिर, महाविद्यालयीन संघ, तासाभराची मर्यादा. एका बैठकीत दोन-तीन एकांकिका, रंगमंच तोच, वेळ तेवढाच. म्हणजे एवढ्या गोष्टी समान राहून जो फरक उरतो तो लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयाचा. तुलना करायला इतकी सोयीची जागा दुसरी नाही.

बघताना तीन गोष्टी मोजा. पहिली, ब्लॅकआउट किती. चाळीस मिनिटांत आठ वेळा अंधार होत असेल तर प्रसंग एकमेकांत गुंफायची युक्ती सापडलेली नाही, मालिकेची सवय रंगमंचावर आली आहे असे समजावे. अंधारात खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, प्रेक्षक खाकरतात, आणि जमवलेला ताण सांडतो. दुसरी, पहिला आवाज कोणाचा: नटाचा की ध्वनिमुद्रित निवेदनाचा? तिसरी, समूहाचा वापर. पाच-सहा जणांचा घोळका दार होतो, झाड होतो, लोकलचा डबा होतो. हे सगळे तुम्हाला दर दोन एकांकिकांमागे एकीत दिसेल आणि आता ते जरा गुळगुळीतही झाले आहे. त्याच्या मोठ्या पूर्वजांपैकी एक म्हणजे १९७२ चे 'घाशीराम कोतवाल'. त्यात ब्राह्मणांची रांगच पडदा होते, जमाव होते, भिंत होते. तिथे भिंतीला अर्थ होता, कारण जे चालले आहे ते लपवणारीही तीच माणसे होती. स्पर्धेतल्या घोळक्याला हाच प्रश्न विचारा: ही माणसे इथे का आहेत, की नुसता सेटचा खर्च वाचवला?

प्राथमिक फेरीच सुचवतो, कारण तिथे फसलेले प्रयोगही असतात आणि नजर त्यांच्यावरच तयार होते. चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा मुंबईत २५ जानेवारीच्या रात्री रंगते आणि तिथे आधीच पहिली आलेल्या एकांकिका असतात. ती जरूर बघा, पण सगळेच घोटीव बघून काय अवघड होते ते कळत नाही. एकांकिकेची पुढची पायरी बघायची असेल तर 'संगीत देवबाभळी'चा प्रवास अभ्यासा: एकांकिका म्हणून सुरुवात, २०१७ मध्ये व्यावसायिक दोन अंकी, आणि तरीही रंगमंचावर दोनच अभिनेत्री.

अडचणी दोन. संहिता छापलेली नसते, त्यामुळे संवाद उद्धृत करायचा तर तिथल्या तिथे टिपावा लागतो. आणि प्रेक्षागृहात आपापल्या कॉलेजचा आरडाओरडा असतो. टाळ्यांवरून परिणाम मोजायला जाल तर फसाल.

मुंबई-पुण्याबाहेर राहणाऱ्यांनी हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या आपल्या केंद्राची तारीख बघून ठेवावी. पूर्ण लांबीची नाटके, तिकीट नाममात्र, आणि ओळीने कित्येक दिवस त्याच रंगमंचावर.

दशावतार, झाडीपट्टी

सिंधुदुर्गात किंवा गोव्यात असाल तर जत्रेतला दशावतार सोडू नका. लिखित संहिता नाही, संवाद उत्स्फूर्त, आणि एका बाकड्यावर दरबारही होतो. झाडीपट्टीची नाटके गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदिया पट्ट्यात, सुगीनंतर, रात्रभर. एकच सावधगिरी: 'संवाद लांबले' असा शेरा मारण्याआधी लेखक, दिग्दर्शक, संहिता ही वर्गातली चौकट तिथे कितपत लागू पडते ते तपासा. प्राध्यापकांना आधी विचारलेले बरे, काही जण असा विषय घेऊ देत नाहीत.

चित्रण

मोबाइलवर नाटक बघून अहवाल लिहिता येतो, आणि तो चटकन पकडलाही जातो. 'अमुकच्या डोळ्यांत पाणी तरळले' असे वाक्य पंधराव्या रांगेतून लिहिता येत नाही. कॅमेरा तुमच्या वतीने बघतो. बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दाखवतो आणि त्याच वेळी कोपऱ्यात गप्प बसलेल्या पात्राची प्रतिक्रिया कापतो. नाट्यास्वादात शिकायचे असते ते नेमके हे, की सगळे एकाच वेळी समोर असताना आपली नजर कुठे गेली आणि कोणी नेली. प्रकाशयोजनेवर तर चित्रणावरून लिहूच नये, कॅमेऱ्यासाठी उजेड बहुधा वाढवलेला असतो.

मात्र प्रयोग बघून आल्यावर चित्रण फार उपयोगी पडते. तीन मिनिटांचा एक तुकडा निवडा आणि पाच वेळा बघा: एकदा फक्त पाय, एकदा फक्त विराम, एकदा आवाज बंद करून. आणि नाटकाचे चित्रण व नाटकावरचा चित्रपट यांत गल्लत करू नका. 'घाशीराम'वर १९७६ मध्ये झालेला चित्रपट म्हणजे रंगमंचावरच्या प्रयोगाचे चित्रण नव्हे, तरी तोच बघून समूहरचनेवर लिहिलेले अहवाल येतात.

मग काय निवडायचे

अहवालाला एकच आठवडा उरला असेल तर व्यावसायिक, त्यातही जुने आणि संहिता ग्रंथालयात मिळणारे. संहिता आधी नव्हे, प्रयोगानंतर वाचा, म्हणजे कापलेले आणि घातलेले दोन्ही सापडते. महिना हाताशी असेल तर आधी स्पर्धेची एक बैठक, मग अहवालासाठी प्रायोगिक. अभिनयावर लिहायचे तर छोटे सभागृह, नेपथ्य-प्रकाशावर लिहायचे तर मोठे.

कुठलाही प्रयोग निवडा, अंधारात मोबाइल काढू नका. छोटी वही, दर पानावर एकच शब्द, मोठ्या अक्षरात, न बघता लिहिलेला: 'खिडकी', 'निळा', 'पाठ'. मध्यंतरात चहाच्या रांगेत त्या शब्दांची वाक्ये करा. घरी पोचल्यावर कथासार सोडून बाकी सगळे लिहून काढा, कथासार शेवटी आणि शंभर शब्दांत. तिकिटाचा तुकडा जपून ठेवा, तो अहवालाला जोडायला लागतो.